केबल लावली की वाय-फायचं नेट जातं: दोन्ही जोडण्या एकाच वेळी चालवताना

"वायर काढली की नेट येतं, लावली की जातं." किनाऱ्यावरच्या होमस्टेमधून, आंब्याच्या पॅकिंगच्या शेडमधून, सेवा केंद्रांतून ही तक्रार सतत येते. बहुतेकांनी आपापला तोडगाही काढलेला असतो: प्रिंट काढायची तर केबल खुपसायची, मेल पाठवायचा तर उपसायची. असं दिवसभर चाललं की केबलच्या टोकाची ती प्लास्टिकची जिभली मोडते, आणि मग नसलेला बिघाड खरोखरचा होतो.

लॅपटॉप बिघडलेला नसतो आणि बहुतेक वेळा नेट देणाऱ्याचाही दोष नसतो. बाहेर जायला दोन वाटा दिसल्या की कॉम्प्युटर एकच निवडतो, आणि निवडताना त्या वाटेने खरंच इंटरनेटपर्यंत पोचता येतं का, हे बघत नाही. तो फक्त एक आकडा बघतो. त्याला मेट्रिक म्हणतात; ज्याचा आकडा लहान, ती वाट. गुहागरहून दापोलीला जायला धोपावे-दाभोळ फेरीबोटीचा रस्ता जवळचा, चिपळूणवरून लांबचा. फेरी बंद असली म्हणून जवळच्या रस्त्याच्या मैलाच्या दगडावरचा आकडा बदलत नाही. मेट्रिक हा तसला दगड आहे.

आधी आकडा बघा

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि रोमन अक्षरांत, मध्ये एक जागा सोडून, 'राउट प्रिंट' (route print) टाइप करा. भलामोठा तक्ता येईल, घाबरू नका. ज्या ओळींत पहिले दोन रकाने ०.०.०.० असे आहेत, तेवढ्याच ओळी आपल्या कामाच्या. अशी प्रत्येक ओळ म्हणजे बाहेर जायची एक वाट. शेवटच्या रकान्यात मेट्रिक असतं.

विंडोज १० आणि ११ हा आकडा जोडणीच्या वेगावरून स्वतःच ठरवतात. गिगाबिट केबलला २५ मिळतात, १०० मेगाबिटच्या केबलला ३५. वाय-फायची जोडणी ५०० मेगाबिट ते २ गिगाबिट असेल तर ३०, २०० ते ५०० मध्ये असेल तर ३५, त्याखाली ४०, ४५ असं वाढत जातं. म्हणजे धडधाकट गिगाबिट केबल लावली की घरातल्या नेहमीच्या वाय-फायवर ती मात करणारच. हा वेग म्हणजे लॅपटॉप आणि समोरचा डबा (राउटर किंवा हॉटस्पॉटचा फोन) यांच्यातला वेग. तुमच्या प्लॅनचा वेग ४० असो की ३००, या आकड्याला त्याचं काही देणंघेणं नाही.

केबलच्या ओळीत २८१ सारखा मोठा आकडा दिसला तर कोणीतरी तिथे आयपी (मशिनचा नेटवर्कवरचा पत्ता) आणि गेटवे (बाहेर नेणाऱ्या डब्याचा पत्ता) हाताने भरलेला आहे. हाताने भरलेल्या गेटवेला विंडोज स्वतःचे २५६ जोडते, त्यात केबलचे २५. मग वाय-फाय न विचारता जिंकतं आणि "केबल आहे तरी मोबाइलचा डेटा कसा संपतो?" हा प्रश्न पडतो.

०.०.०.० ची एकच ओळ असेल, तरी नेट चालत नसेल, तर दोष वाटांच्या भांडणाचा नाही. त्याचं पुढे, वाय-फाय आपोआप तुटण्याच्या भागात बघू.

कुठेच न जाणारी केबल

आपल्याकडची नेहमीची मांडणी अशी: चिऱ्याच्या जाड भिंती, त्यामुळे पुढच्या पडवीतलं वाय-फाय मागच्या खोलीत पोचत नाही. कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणारा एनव्हीआर, बिलाचा प्रिंटर आणि लॅपटॉप एकमेकांना जोडायला स्विच हवा. तो विकत घेण्याऐवजी माळ्यावर पडलेला जुना राउटर लावला जातो. राउटर चालतो, कॅमेरे दिसतात, प्रिंट येते. इंटरनेट मात्र वेगळं, फोनच्या हॉटस्पॉटवरून किंवा सिमकार्डच्या राउटरवरून.

गोची त्या जुन्या राउटरची. त्याच्या आत डीएचसीपी, म्हणजे आयपी पत्ते वाटायचं काम, चालू असतं. केबल लागली की तो लॅपटॉपला आयपी देतो आणि सोबत सांगतो, "बाहेर जायचं तर माझ्यामार्फत जा." त्याच्या स्वतःच्या वॅन पोर्टमध्ये (जिथे बाहेरचं नेट येतं) काहीच नाही, तो कुठे नेणार? पण आकडा २५ किंवा ३५, म्हणून लॅपटॉप त्याचं ऐकतो आणि सगळं त्या भिंतीवर जाऊन आदळतं.

उपाय पाच मिनिटांचा आहे. विंडोजच्या नेटवर्क जोडण्यांच्या यादीत केबलच्या ॲडॉप्टरच्या (इथरनेटच्या) प्रॉपर्टीजमध्ये जा, इंटरनेट प्रोटोकॉल आवृत्ती ४ उघडा, आणि आयपी हाताने भरा. कॅमेरे १९२.१६८.५०.१ च्या घरात असतील तर लॅपटॉपला १९२.१६८.५०.१० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०. आणि डिफॉल्ट गेटवेची चौकट रिकामी सोडा. डीएनएसची चौकटही रिकामी. ही रिकामी चौकट बघून अनेकांना चैन पडत नाही, ते तिथे काहीतरी भरतातच. भरू नका. गेटवे नाही म्हणजे केबलची बाहेर जायची वाटच नाही. ती फक्त कॅमेरे आणि प्रिंटरपुरती उरते. दोन जोडण्या एकत्र चालवायच्या तर गेटवे एकाच बाजूला ठेवा. या मांडणीसाठी एवढं पुरतं.

यानंतर विंडोज केबलला 'अनोळखी नेटवर्क' म्हणेल आणि तिला 'पब्लिक' गटात टाकेल. प्रिंट काढायला त्याने अडत नाही. लॅपटॉपवरचा फोल्डर दुसऱ्या मशिनवरून उघडत असाल, तर मात्र फायरवॉल आडवी येईल आणि तिथे फाइल शेअरिंगला परवानगी द्यावी लागेल.

डीएचसीपी जुन्या राउटरमध्येच बंद करता येतं, पण मग प्रिंटर आणि एनव्हीआरलाही पत्ते हाताने द्यावे लागतात. ते न करता डीएचसीपी नुसतं बंद केलं की १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते दिसायला लागतात. तसा पत्ता दिसला तर समजा, पत्ता देणारं कोणी सापडलं नाही.

दोन्हीकडे तोच पत्ता

हा प्रकार गमतीचा आहे, कारण त्याची खूण सोपी आहे आणि तरी तो शेवटपर्यंत सापडत नाही. फोनच्या हॉटस्पॉटवर सगळं सुरळीत, पण घरच्या वाय-फायला जोडलं की प्रिंटर गायब किंवा नेट गायब. दोन्ही राउटर कारखान्यातून १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन आलेले असतात, किंवा दोन्ही १९२.१६८.०.१. लॅपटॉपला एकाच नावाच्या दोन वाड्या दिसतात. प्रिंटर १९२.१६८.१.५० वर आहे हे त्याला कळतं, पण कुठल्या वाडीतला, हे कळत नाही. तो पुन्हा लहान मेट्रिककडे बघतो. हॉटस्पॉटवर हे होत नाही, कारण आयफोन १७२.२०.१० ने सुरू होणारे पत्ते देतो आणि जुने अँड्रॉइड फोन १९२.१६८.४३ ने.

केबलकडच्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ करा. वाय-फायकडच्या राउटरला हात लावू नका. त्याला घरातले सगळे फोन, टीव्ही आणि पाहुणे जोडलेले असतात.

दोन्ही जोडण्या एकाच राउटरच्या असतील, म्हणजे त्याच डब्यातून केबलही आणि त्याच डब्याचं वाय-फायही, तर दोन्ही चालू ठेवून पदरात काही पडत नाही. वाय-फाय बंद करा आणि विषय संपवा.

खारी हवा आकडा कसा बदलते

आता उलटी मांडणी घ्या. फायबर आलेलं आहे, ते केबलने लॅपटॉपला जोडलंय, आणि फायबर तुटलं तर असू दे म्हणून मोबाइलचं वाय-फायही जोडून ठेवलंय. महिनोन्‌महिने ठीक चालतं. मग एखाद्या आठवड्यात फोनचा दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा दुपारच्या आतच संपायला लागतो. केबल जोडलेली आहे, पोर्टचा दिवा लुकलुकतोय, सेटिंग कोणी बदललेली नाही. अशा वेळी लोक व्हायरस शोधतात. मी आधी केबलचं टोक बघतो.

लॅन केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. गिगाबिटला आठही तारा लागतात. १०० मेगाबिटला चारच पुरतात: पिन १, २, ३ आणि ६. समुद्राच्या हवेतलं मीठ आणि ओल पिनांवर बसते, स्वस्त कनेक्टरवरचा सोन्याचा मुलामा नावापुरता असतो, आणि खालचं तांबं हिरवं पडायला लागतं. उरलेल्या चारांपैकी एखादी पिन गेली तरी जोडणी तुटत नाही. दोन्ही टोकं मुकाट्याने १०० वर उतरतात. कुठलाही संदेश येत नाही. ४० मेगाबिटचा प्लॅन असणाऱ्याला वेगातही फरक जाणवत नाही.

पण मेट्रिक २५ चं ३५ झालेलं असतं. आणि टेबलावरच ठेवलेल्या ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायची जोडणी ८६६ मेगाबिटची असेल तर तिचं ३०. म्हणजे विंडोजने, तिच्या हिशोबाने अगदी बरोबर, फायबर सोडून फोनची वाट धरली. पावसाळ्यात, गणपतीच्या आसपास, ओल मुरलेली असताना हे जास्त दिसतं. ऊन पडलं की पिन सुकते, जोडणी परत १००० वर जाते आणि "आपोआप बरं झालं". पुढच्या सरीला पुन्हा तेच. वारंवार येणाऱ्या दुखण्यांत हे सगळ्यात फसवं.

तपासायला सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड बघा. १०००/१००० असायला हवं तिथे १००/१०० दिसलं, आणि तुमचा राउटर गिगाबिटचा असेल, तर टोक गेलं. काही स्वस्त राउटरचे पोर्ट मुळातच १०० चे असतात. तिथे केबलला दोष देऊ नका, मेट्रिक हाताने भरा.

टोक घासूनपुसून परत लावण्यात अर्थ नाही. ते कापा, वरचं आवरण सोलत तांबं स्वच्छ लालसर दिसेपर्यंत मागे जा, आणि नवा कनेक्टर क्रिम्प करा. तांबं दिसतच नसेल, तार ब्लेडने खरवडल्यावर आत पांढरी निघाली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल आहे. बाजारात ती स्वस्त मिळते, आणि किनाऱ्यावर ती पैसे वाचवत नाही, कारण कनेक्टरपाशी ती लवकर कुजते आणि वाकवली की तुटते. पूर्ण तांब्याची घ्या. राउटरच्या पोर्टमधल्या पिना हिरव्या असतील तर वीज बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा; फार खाल्लेल्या असतील तर त्याच राउटरचा शेजारचा पोर्ट वापरा.

केबल कुठून नेली आहे हेही बघा. पागोळ्यांच्या रेषेत टांगलेली घरातली पांढरी-निळी केबल एकदोन पावसाळ्यांत भेगाळते, कारण तिचं आवरण उन्हासाठी बनलेलंच नसतं. बाहेर काळ्या आवरणाची आउटडोअर केबल लागते. भिंतीतून आत घेण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, केबलला धरून आत येत नाही. आणि कनेक्टर उघड्या पडवीत ठेवू नका. दोन केबल जोडणारी ती छोटी डबी तर नाहीच नाही.

मेमधला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, या दोन मोसमांत गडगडायला लागलं की दोन इमारतींमधली लांब तांब्याची केबल दोन्ही टोकांनी काढून ठेवा. वीज थेट पडायला लागत नाही, जवळपास पडली तरी पोर्ट जातो. कधी पूर्ण जातही नाही, अर्धवट होतो: जोडणी लागते, सुटते, लागते. प्रत्येक वेळी लॅपटॉप वाट बदलतो आणि व्हिडिओ कॉल तुटतो. घर आणि पलीकडची कॉटेजेस जोडायची असतील तर त्या टप्प्यात तांबं टाळून फायबर टाकणं शहाणपणाचं. काचेतून वीज वाहत नाही. फक्त टांगायच्या फायबरला आधाराची पोलादी तार असते, ती डब्याच्या आधीच कापून थांबवायची.

मेट्रिक हाताने भरणं

ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये आवृत्ती ४ उघडा, ॲडव्हान्स्डवर जा, खाली 'ऑटोमॅटिक मेट्रिक'ची खूण काढा. केबलला १०, वाय-फायला ५० भरा. आता पिन हिरवी पडली तरी आकडा हलणार नाही.

मग हेच सगळं इंटरनेट प्रोटोकॉलच्या आवृत्ती ६ साठी पुन्हा करा. तिचं मेट्रिक वेगळं असतं. इथे आणखी एक मेख आहे. मोबाइल नेटवर्कवर आवृत्ती ६ सर्रास मिळते, फायबरवर ती कधी असते, कधी नसते. फायबरवर नसेल तर आवृत्ती ६ साठी वाय-फाय ही एकमेव वाट उरते, आणि विंडोज शक्य असेल तिथे आवृत्ती ६ ला आधी पसंती देते. मग आवृत्ती ४ चा आकडा कितीही नीट भरा, मोठमोठ्या साइट मोबाइलच्या डेटावरूनच उघडतात. अशा वेळी फक्त वाय-फायच्या ॲडॉप्टरवर आवृत्ती ६ ची खूण काढा. सगळ्या मशिनवर ती बंद करायची गरज नाही.

शिवाय वाय-फायच्या त्या जोडणीला 'मीटर्ड' ठरवून टाका. चुकून वाट बदललीच तर निदान विंडोजचे मोठे अपडेट फोनच्या डेटावर उतरणार नाहीत.

फायबर तुटल्यावर आपोआप मोबाइलवर जाईल का?

लॅपटॉपवर सहसा नाही. झावळ पडून किंवा जेसीबीने फायबर तुटलं की डब्यावर लाल दिवा लागतो. पण डबा चालूच असतो, त्याच्यापासून लॅपटॉपपर्यंतची केबल शाबूत असते, गेटवे उत्तर देत असतो. लॅपटॉपच्या दृष्टीने १० आकड्याची वाट उघडी आहे. केबल काढा किंवा ॲडॉप्टर डिसेबल करा, तेव्हाच तो वाय-फायकडे वळेल. उलट लाइट जाऊन डबाच बंद पडला, तर केबल मेल्याचं त्याला लगेच कळतं आणि बदल आपोआप होतो. म्हणजे डब्याला छोटा यूपीएस लावला की फायबर तुटल्याचं लॅपटॉपला कळणं अजून अवघड होतं. यूपीएस तरीही लावाच.

पूर्ण होमस्टेसाठी हे हवं असेल तर दोन वॅनचा राउटर घ्या. तो ठरावीक वेळाने बाहेरच्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला, पिंग करून बघतो आणि उत्तर थांबलं की सिमवर जातो. त्यात 'लोड बॅलन्स' (दोन्ही वाटा एकदम) आणि 'फेलओव्हर' (एक तुटली की दुसरी) असे दोन पर्याय येतात. फेलओव्हर निवडा. लोड बॅलन्समध्ये एकाच माणसाच्या विनंत्या दोन वेगळ्या पत्त्यांवरून बाहेर पडू शकतात, आणि बँकेच्या किंवा सरकारी पोर्टलवर अर्ध्या कामात लॉगआउट व्हायला होतं. सिमवर गेल्यावर पोर्ट फॉरवर्डिंगने, म्हणजे बाहेरून थेट राउटरमार्फत, बघायचे कॅमेरे बाहेरून दिसेनासे होतील, कारण मोबाइल नेटवर्कवर सहसा तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. ॲपमधून क्लाउडमार्फत दिसणारे कॅमेरे चालू राहतात.

आणि दोन्ही वेग जोडून दुप्पट? नाही. एक डाउनलोड एका वाटेनेच येतं. दोन वाटा मिळून एक करायच्या तर पलीकडेही ते समजणारा सर्व्हर लागतो. तशी सेवा पैसे देऊन मिळते, पण होमस्टेच्या बुकिंगसाठी तो खर्च मला पटत नाही.

केबल लावताच वाय-फायच तुटतं

हे वेगळं दुखणं. राउट प्रिंटमध्ये एकच ओळ दिसते, कारण वाय-फाय जोडलेलंच राहत नाही. विंडोज ८ पासून जोडण्या कमीत कमी ठेवण्याचं धोरण आहे: केबलवर नेट आहे असं वाटलं की वाय-फायला आपोआप जोडणं टाळायचं. केबल लावल्यावर वाय-फायला हाताने जोडून बघा. बऱ्याचदा एवढ्याने भागतं. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमध्ये, नेटवर्कखाली विंडोज कनेक्शन मॅनेजरमध्ये, एकाच वेळच्या जोडण्या कमी ठेवण्याचं धोरण सापडेल. ते चालू करून आतला पर्याय 'एकाच वेळी जोडण्यांना परवानगी' असा ठेवा.

हाताने जोडलं तरी क्षणात तुटत असेल तर बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जा. एचपीच्या व्यावसायिक लॅपटॉपमध्ये 'लॅन/डब्ल्यूलॅन ऑटो स्विचिंग' नावाची सेटिंग असते, डेलमध्ये वायरलेस रेडिओ कंट्रोलखाली तशीच एक. ऑफिसात वापरून मग विकलेले जुने लॅपटॉप आपल्याकडे बरेच येतात, आणि त्यांत ही चालू असते. बंद करा. लॅपटॉप अजून कंपनीचाच असेल तर त्यांच्या आयटीवाल्यांना विचारा. ती सेटिंग त्यांनी मुद्दाम ठेवलेली असू शकते.

मॅकवर हे सगळं सोपं आहे: नेटवर्क सेटिंग्जमध्ये 'सर्व्हिस ऑर्डर'मध्ये जी वाट हवी ती वर ओढा. लिनक्सवर नेटवर्क मॅनेजर केबलला १०० आणि वाय-फायला ६०० देतो, जोडणीचा वेग बघत नाही, त्यामुळे हिरव्या पिनेचा घोळ तिथे होत नाही. फक्त कॅमेऱ्यांपुरती केबल हवी असेल तर त्या जोडणीच्या आवृत्ती ४ च्या पानावर 'ही जोडणी फक्त तिच्या नेटवर्कपुरती वापरा' ही खूण करा.

सगळं झालं की पुन्हा एकदा राउट प्रिंट. मग 'ट्रेसर्ट' (tracert), एक जागा आणि ८.८.८.८ टाइप करा. पहिल्या ओळीत जो पत्ता येईल त्या डब्यातून तुमचं नेट चाललंय. तो फायबरचा डबा असेल तर फोनचं हॉटस्पॉट खुशाल चालू राहू द्या.